स्ट्रएक्सफ्रमची कुळकथा

स्वीडिश वर्णमाला झेडपाशी संपत नाही. झेडनंतर तिथे आणखी तीन अक्षरे येतात: डोक्यावर वर्तुळ असलेला ए, मग दोन टिंबांचा ए, आणि शेवटी दोन टिंबांचा ओ. सात बिटांच्या संगणकीय संकेतात या तिघांना जागा द्यायची वेळ आली, तेव्हा स्वीडिश मानकाने ॲस्कीतल्या चौकटी कंसांची आणि उलट्या तिरक्या रेघेची जागा त्यांना दिली. ९१ हा क्रमांक दोन टिंबांच्या एला मिळाला, ९२ दोन टिंबांच्या ओला आणि ९३ वर्तुळवाल्या एला. म्हणजे वर्णमालेत जे अक्षर या तिघांत पहिले, ते संकेतात शेवटचे झाले. शेजारच्या डेन्मार्कमध्ये याच तीन क्रमांकांवर डॅनिश भाषेची शेवटची तीन अक्षरे बसवली होती आणि ती तिच्या वर्णक्रमाप्रमाणेच होती. आकडे दोन्हीकडे तेच, तरी त्यांचा क्रम एका भाषेत बरोबर आणि दुसरीत चूक.

सी भाषेच्या प्रमाण ग्रंथालयात स्ट्रएक्सफ्रम नावाचे एक फंक्शन आहे. अनेक वर्षे सी लिहिणाऱ्यांनाही ते वापरण्याची वेळ येत नाही. अक्षराचा आकडा आणि अक्षराचे वर्णमालेतले स्थान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या ग्रंथालयाने स्ट्रकॉल आणि स्ट्रएक्सफ्रम या जोडीत पहिल्यांदा लिहून मान्य केले. म्हणून मला तिची कुळकथा महत्त्वाची वाटते.

या घराण्याचा मूळ पुरुष स्ट्रकम्प. कर्निगन आणि रिची यांच्या १९७८ च्या पुस्तकात तो काही ओळींत लिहून दाखवलेला आहे. दोन स्ट्रिंगा घ्यायच्या, एकेक अक्षर पुढे सरकत जायचे आणि जिथे पहिला फरक दिसेल तिथे एका आकड्यातून दुसरा वजा करायचा. बेल लॅब्जमध्ये युनिक्सवर इंग्रजी मजकूर हाताळणाऱ्यांना हे बव्हंशी पुरत होते. बव्हंशी म्हणण्याचे कारण असे, की ॲस्कीत मोठ्या लिपीतला ए ६५ वर, झेड ९० वर आणि लहान लिपीतला ए ९७ वर आहे. त्यामुळे मोठ्या झेडने सुरू होणारे नाव लहान एने सुरू होणाऱ्या नावाच्या आधी येते. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवरच्या एबीसीडिक संकेतात याच्या उलट लहान लिपी आधी, मग मोठी, आणि अंक सगळ्यांच्या नंतर. तोच प्रोग्रॅम दोन यंत्रांवर चालवला तर दोन वेगळ्या याद्या मिळत.

आठवा बिट वापरात आल्यावर आणखी एक विचित्र प्रकार समोर आला. पीडीपी-११ वर सीतला कॅरॅक्टर हा ऋण संख्याही धरू शकणारा प्रकार होता. पश्चिम युरोपच्या १९८७ च्या आठ-बिटी मानकात दोन टिंबांचा लहान ए २२८ वर आहे. ऋण-धन धरणाऱ्या कॅरॅक्टरमध्ये तो उणे २८ होतो आणि साध्या एच्याच काय, रिकाम्या जागेच्याही आधी जाऊन बसतो. पुढे प्रमाणीकरण करताना स्ट्रकम्पने बाइट नेहमी धन संख्या म्हणून वाचावेत असे स्पष्ट लिहावे लागले. त्याने ही विसंगती गेली, पण वर्णक्रम काही मिळाला नाही.

संगणकाआधीही ग्रंथपालांना आणि टेलिफोन डिरेक्टरी छापणाऱ्यांना हा प्रश्न सतावत होता. इंग्रजी आडनावांतला 'मक्' कधी एम-सी असा लिहितात, कधी एम-ए-सी असा. अनेक ग्रंथालयांच्या नियमांत दोन्ही एम-ए-सी समजूनच लावायचे असत. जर्मनीत तर मानकातच दोन पद्धती आहेत. कोशात दोन टिंबांचा यू साध्या यूसारखा लावतात, नावांच्या यादीत मात्र तो यू-ई अशी दोन अक्षरे समजून लावतात. म्हणून म्युलर हे आडनाव कोशात एका जागी आणि डिरेक्टरीत दुसऱ्या जागी सापडते. संगणकावर काम करणाऱ्यांनी यावर एक साधा उपाय शोधला होता. नोंदीत खऱ्या नावाशेजारी आणखी एक रकाना ठेवायचा आणि त्यात नावाचे असे रूप भरायचे, की त्या रकान्यावर यांत्रिक क्रम लावला की नावे आपोआप योग्य जागी पडावीत. तो रकाना लोकांना दाखवण्यासाठी नसे, त्याचे काम फक्त क्रम लावण्यापुरते. स्ट्रएक्सफ्रमची कल्पना याच रकान्यातून पुढे आली असे म्हणता येईल.

सीचे प्रमाणीकरण करण्यासाठी एक्सथ्रीजेइलेव्हन ही अमेरिकी समिती १९८३ साली बसली. त्याच सुमारास, १९८४ मध्ये, बुल, आयसीएल, सीमेन्स, ऑलिव्हेटी आणि निक्सडॉर्फ या पाच युरोपी कंपन्यांनी युनिक्ससाठी एक्स/ओपन हा गट उभारला. त्यांचे ग्राहक फ्रेंच, जर्मन, इटालियन बोलणारे होते. दशांशचिन्ह टिंब असावे की स्वल्पविराम, तारीख कशी छापावी, नावांची यादी कशी लावावी, हे त्यांच्यासाठी रोजच्या धंद्याचे प्रश्न होते. सीचे मानक अमेरिकेपुरते न राहता आंतरराष्ट्रीय व्हायचे असेल तर ते इंग्रजीला जखडलेले चालणार नाही, ही मागणी युरोपातून आली. त्यातून 'लोकेल' ही व्यवस्था आली. सेटलोकेल या फंक्शनला प्रदेश-भाषेचे नाव सांगायचे आणि क्रम, चलन, अंक, तारीख असे वेगवेगळे विभाग हवे तसे निवडायचे. १९८९ च्या अमेरिकी मानकात आणि १९९० च्या आंतरराष्ट्रीय मानकात ही व्यवस्था आहे, आणि क्रमाच्या विभागासाठी स्ट्रकॉल व स्ट्रएक्सफ्रम ही दोन फंक्शने आहेत.

नावे अशी आखूड असण्यामागे त्या काळच्या लिंकरांची अडचण होती. बाहेरून जोडल्या जाणाऱ्या नावाची पहिली सहाच अक्षरे वेगळी ओळखली जातील, एवढीच हमी मानक देत होते.

स्ट्रकॉल समजायला सोपे आहे. दोन स्ट्रिंगा द्या, चालू लोकेलप्रमाणे कोणती आधी ते ते सांगते. स्ट्रएक्सफ्रम मात्र तुलना करतच नाही. ते एक स्ट्रिंग घेते आणि तिच्यापासून दुसरी घडवते. मानकातली अट एकच आहे: घडवलेल्या दोन स्ट्रिंगांची स्ट्रकम्पने तुलना केली तर जे उत्तर येईल, ते मूळ स्ट्रिंगांची स्ट्रकॉलने तुलना केल्यावर येणाऱ्या उत्तराशी जुळले पाहिजे. घडवलेली स्ट्रिंग दिसते कशी, तिच्यात कोणते बाइट असतात, याबद्दल मानक काही सांगत नाही. भाषेचे सगळे ज्ञान त्या बाइटांत आधीच भरून ठेवायचे आणि नंतरची तुलना भाषेचा गंध नसलेल्या स्ट्रकम्पवर सोपवायची. मला या मांडणीचे फार कौतुक वाटते. जुने फंक्शन टाकून द्यावे लागले नाही आणि त्याला भाषा शिकवावीही लागली नाही.

दोन फंक्शने का, याचे कारण समितीने मानकासोबतच्या टिपणात दिले आहे. तुलना थोड्या असतील तर स्ट्रकॉल बरे, त्याच स्ट्रिंगा पुन्हा पुन्हा ताडायच्या असतील तर स्ट्रएक्सफ्रम, कारण रूपांतराचा खर्च एकदाच येतो. एक लाख नावे क्रमाने लावायला ढोबळमानाने सतरा लाख तुलना होतात. स्ट्रकॉल वापरले तर प्रत्येक तुलनेत दोन्ही नावांची अक्षरे पुन्हा तक्त्यात शोधावी लागतात, स्ट्रएक्सफ्रमने हा शोध नावागणिक एकदाच, म्हणजे एक लाख वेळा होतो. हिशेब इतका सरळ मात्र नसतो. स्ट्रकॉलला पहिल्या फरकाशी थांबता येते, स्ट्रएक्सफ्रमला स्ट्रिंग शेवटपर्यंत चालावीच लागते, आणि घडवलेल्या रूपाला मूळच्या कित्येक पट जागा लागू शकते.

त्या रूपाच्या आत काय असते ते आपल्याच लिपीत पाहू. दर्या, दऱ्या आणि दर्शन हे तीन शब्द घ्या. युनिकोडमध्ये र चा क्रमांक २३५२ आणि ऱ चा २३५३. यूटीएफ-८ मधले बाइटही त्याच क्रमाने चढत जातात. स्ट्रकम्पला दुसऱ्या अक्षरापाशीच फरक दिसतो. र ने चालणारे सगळे शब्द आधी आणि ऱ चे सगळे नंतर, म्हणून क्रम लागतो दर्या, दर्शन, दऱ्या. समुद्र आणि डोंगरातल्या दऱ्या यांच्यामध्ये दर्शन येऊन बसले. वाचणाऱ्याला मात्र दर्या आणि दऱ्या शेजारी हवेत, कारण य हा श च्या आधी येतो आणि ऱ हा र चाच एक आकार आहे.

तुलना पातळ्यांनी होते: पहिल्या पातळीवर मूळ अक्षरे, ती सारखी निघाली तर दुसऱ्या पातळीवर त्यांवरची चिन्हे. आता समजावण्यापुरते अक्षरांच्या वजनांचे काही आकडे मानू. द ला ४१, र ला ५१, हलन्ताला ७०, य ला ५०, काना ६०, श ५४, न ४३. युनिकोडच्या मूळ तक्त्यात ऱ हा र अधिक नुक्ता असा फोडला जातो आणि नुक्त्याला पहिल्या पातळीवर वजन नसते. म्हणून पहिल्या पातळीवर दर्या होतो ४१, ५१, ७०, ५०, ६० आणि दऱ्या सुद्धा हुबेहूब तोच. दर्शन होतो ४१, ५१, ७०, ५४, ४३. चौथ्या आकड्यावर ५० हे ५४ पेक्षा लहान, त्यामुळे पहिले दोघेही दर्शनच्या आधी येतात. मग एक विभाजक टाकतात, १ समजा. त्यानंतर दुसरी पातळी: साध्या अक्षराला ५ आणि नुक्त्याला ९. दर्याची दुसरी पातळी ५, ५, ५, ५, ५ आणि दऱ्याची ५, ५, ९, ५, ५, ५. तिसऱ्या आकड्यावर दर्या पुढे येतो. स्ट्रकम्पला यातले काहीच ठाऊक नसते, ते फक्त बाइट ताडत जाते. विभाजक इतर सगळ्या वजनांहून लहान असतो, त्यामुळे 'दर' हा शब्द 'दरी'च्या आधी येतो. आणि सगळ्या रूपात शून्य कुठेही येऊ देत नाहीत, कारण सीमध्ये शून्य म्हणजे स्ट्रिंगचा शेवट आणि स्ट्रकम्प तिथेच थांबेल.

या पातळ्यांची पद्धत काटेकोर नियमांत बसवण्यात क्वेबेकच्या आलँ लाबोंते यांचा वाटा मोठा आहे. १९८० च्या दशकात त्यांनी फ्रेंच कोशांचा क्रम संगणकाला समजेल असा मांडला. त्यांच्यापुढचे नेहमीचे उदाहरण सी-ओ-टी-ई या चार अक्षरांचे. हा शब्द एकदा साधा, एकदा ओवर छप्पर असलेला, एकदा ईवर तिरकी रेघ असलेला आणि एकदा दोन्ही असलेला. आधी मूळ अक्षरे पाहायची, ती चारही शब्दांत सारखी आहेत. मग चिन्हे पाहायची, पण ती शब्दाच्या शेवटाकडून. म्हणून क्रम लागतो साधा, छपरावाला, रेघवाला, दोन्हीवाला. डावीकडून पाहिले असते तर मधले दोघे उलटे झाले असते. शब्दाच्या शेवटाकडून पाहायचे म्हणजे स्ट्रकॉललाही शेवटपर्यंत जाऊन मागे यावे लागते. स्ट्रएक्सफ्रममध्ये मात्र दुसऱ्या पातळीचे आकडे उलटे लिहिले की काम झाले. लाबोंते पुढे आयएसओ १४६५१ या आंतरराष्ट्रीय मानकाचे संपादक झाले, ते २००१ साली प्रसिद्ध झाले. मार्क डेव्हिस आणि केन व्हिसलर यांनी लिहिलेली युनिकोडची क्रमपद्धतीही त्याच्याशी जुळवून ठेवलेली आहे.

पातळ्यांनी ळ चा प्रश्न मात्र सुटत नाही. युनिकोडने देवनागरीची मांडणी आयएससीआयआय या भारतीय मानकावरून घेतली आणि तिथे सर्व भारतीय लिप्यांसाठी एकच साचा असल्यामुळे ळ हा ल आणि व यांच्या मध्ये आहे. मराठी वर्णमालेत ळ येतो ह नंतर आणि त्यामागून क्ष, ज्ञ. आकड्यांच्या क्रमाने 'काळजी' आधी आणि 'काहूर' नंतर, वर्णमालेच्या क्रमाने नेमके उलटे. लिपी हिंदीची तीच आहे, पण हिंदी कोशात क्ष हा क च्या जोडाक्षरांत सापडतो. म्हणून मराठीसाठी वेगळा नियम लिहावा लागतो. युनिकोडच्या सीएलडीआर या भांडारात तो आहे: ह, मग ळ, मग क्ष, मग ज्ञ. एका लिपीला एक क्रम असे धरून चालत नाही, क्रम भाषेगणिक ठरतो.

फंक्शन बोलावण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. रूप किती लांब होईल ते आधी कळत नाही. म्हणून पहिल्यांदा लांबी शून्य देऊन विचारायचे, तेव्हा लिहिण्याच्या जागेचा पत्ता रिकामा दिला तरी चालतो. उत्तरात जो आकडा येईल त्याहून एक बाइट जास्त जागा घ्यायची आणि दुसऱ्यांदा बोलावून रूप लिहून घ्यायचे. जागा अपुरी पडली तर फंक्शन हवी ती लांबी सांगते, पण लिहिलेल्या मजकुराची काही शाश्वती देत नाही. अर्धवट रूप आहे तसे वापरून चालणार नाही, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. आणि सेटलोकेल बोलावलेच नाही तर प्रोग्रॅम 'सी' नावाच्या मूळ लोकेलमध्ये चालतो, तिथे स्ट्रएक्सफ्रम निव्वळ नक्कल करते आणि क्रम पुन्हा स्ट्रकम्पचाच.

पुढच्या पिढ्या थोडक्यात सांगतो. १९९५ च्या दुरुस्तीत रुंद अक्षरांसाठी याचेच भावंड आले. २००८ च्या पॉझिक्स या मानकात लोकेल प्रत्येक वेळी वेगळे देता येईल असे रूप आले. त्याआधी लोकेल साऱ्या प्रोग्रॅमला एकच असे, आणि एकाच वेळी मराठी व स्वीडिश ग्राहकांना सेवा देणाऱ्या सर्व्हरला ते अडचणीचे होते. पायथनमध्ये क्रम लावताना की म्हणून हेच फंक्शन सरळ देता येते. काही सी ग्रंथालयांनी मात्र हा भार उचललाच नाही. हलक्या लिनक्स वितरणांत वापरल्या जाणाऱ्या मसलमध्ये स्ट्रएक्सफ्रम केवळ नक्कल करते.

सगळ्यात मोठी कसोटी डेटाबेसमध्ये लागली. जानेवारी २०१६ मध्ये पोस्टग्रेसक्यूएलची ९.५ ही आवृत्ती आली. तिच्यात मजकुराचा क्रम लावताना स्ट्रएक्सफ्रमच्या रूपातले पहिले आठ बाइट घेऊन ते एका पूर्णांकासारखे ताडायची युक्ती होती. ते समान निघाले तरच स्ट्रकॉलकडे जायचे. बहुतेक शब्द पहिल्या आठ बाइटांतच वेगळे होतात, त्यामुळे काम लक्षणीय वेगाने होऊ लागले. यात गृहीत धरली होती ती मानकातली एकमेव अट, दोन्ही फंक्शनांची उत्तरे जुळण्याची. लिनक्सवरच्या ग्लिबसी या सी ग्रंथालयात काही लोकेलांत, त्यात जर्मनही होते, ती जुळत नव्हती. दोन्ही फंक्शने स्वतंत्रपणे लिहिलेली होती आणि त्यांच्यात फरक पडला होता.

डेटाबेसचा इंडेक्स क्रमाने लावलेला असतो. शोधताना प्रत्येक फांदीपाशी 'डावीकडे की उजवीकडे' हे तुलनेवरून ठरते. लावताना एक क्रम आणि शोधताना दुसरा, असे झाले की शोध चुकीच्या फांदीत शिरतो. नोंद तक्त्यात असते आणि 'सापडली नाही' असे उत्तर येते, किंवा एकमेव असायला हवी अशी नोंद दुसऱ्यांदा स्वीकारली जाते. ३१ मार्च २०१६ च्या ९.५.२ आवृत्तीत ही युक्ती 'सी' सोडून सर्व लोकेलांसाठी बंद करण्यात आली आणि बाधित इंडेक्स पुन्हा बांधून घ्यायला सांगितले गेले.

ही चूक प्रोग्रॅमिंगची होती. दोन वर्षांनी चूक नसतानाही तोच परिणाम दिसला. ऑगस्ट २०१८ मध्ये ग्लिबसी २.२८ आली आणि तिने आयएसओ १४६५१ चा नवा तक्ता घेतला. एक-डॅश-एक आणि अकरा अशा दोन ओळी अमेरिकी इंग्रजी लोकेलमध्ये लावल्या तर आधीच्या ग्लिबसीत अकरा वर येत, नव्या ग्लिबसीत खाली. लिनक्सची आवृत्ती वाढवली आणि डेटाबेस तोच ठेवला, तर जुन्या क्रमाने बांधलेले इंडेक्स नव्या क्रमाने वाचले जात. तक्ते सुधारणाऱ्यांना दोष देता येत नाही, कारण भाषांचेच क्रम बदलत असतात. १९९४ साली माद्रिदच्या परिषदेत स्पॅनिश अकादमींनी सी-एच या जोडीचे वर्णक्रमातले स्वतंत्र स्थान काढून घेतले, त्यामुळे चॉकोलाते हा शब्द क्युबाच्या नंतर येत होता तो आधी आला. स्वीडिश अकादमीच्या शब्दसंग्रहाने २००६ च्या आवृत्तीत व्ही आणि डब्ल्यू वेगळे केले, तोपर्यंत ते एकाच अक्षराचे दोन आकार समजून लावले जात.

१९८९ ची समिती एका चालू प्रोग्रॅमचा विचार करत होती: रूप घडवा, क्रम लावा, रूप टाकून द्या. तेवढ्यासाठी तिची अट पुरेशी होती. ते रूप किंवा त्यावर बेतलेला क्रम वर्षानुवर्षे डिस्कवर राहील आणि दरम्यान खालचा तक्ता बदलेल, याची तरतूद तिने केली नाही. ती तरतूद डेटाबेसवाल्यांनी आपापली केली. पोस्टग्रेसक्यूएल २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून आयसीयू या ग्रंथालयाचा क्रम वापरू शकते. आयसीयूला तक्त्याची आवृत्ती विचारता येते, ती डेटाबेसमध्ये नोंदवून ठेवली जाते आणि पुढे जुळली नाही तर इशारा मिळतो. तेराव्या आवृत्तीपासून ग्लिबसीसाठीही अशी नोंद ठेवतात, पण तिथे तक्त्याची आवृत्ती विचारायची सोय नसल्यामुळे अख्ख्या ग्रंथालयाचीच आवृत्ती टिपून घ्यावी लागते. सीच्या सी२३ या मानकातही स्ट्रएक्सफ्रमची अट १९८९ सारखीच आहे आणि हे रूप कोणत्या तक्त्यावरून घडले ते सांगणारे फंक्शन त्यात नाही.